मुद्दल, नफा आणि तीन व्यापारी
परदेशी विद्यापीठातील तौलनिक साहित्याभ्यास आणि नगरचा जैन वारसा

दिवाळी जवळ आली की नगर जिल्ह्यातील स्थानकांमधून उत्तराध्ययन सूत्राचे वाचन सुरू होते. भगवान महावीरांची अंतिम देशना या श्रद्धेने श्रावक-श्राविका ते ऐकतात. छत्तीस अध्ययनांच्या या सूत्रातील सातव्या अध्ययनात एक अगदी छोटा दृष्टांत येतो. तीन व्यापारी आपापले मुद्दल घेऊन व्यापाराला निघाले. एकाने नफा मिळवला, दुसरा मुद्दल तेवढे सांभाळून परतला, तिसरा मुद्दलही गमावून रिकाम्या हाताने घरी आला. सूत्रकार पुढे अर्थही सांगतात. मनुष्यजन्म हे मुद्दल, देवगती हा नफा आणि नरक किंवा तिर्यंच गती म्हणजे मुद्दलासकट झालेले नुकसान. आडते बाजारात किंवा दाळ मंडईत ज्याचे आयुष्य गेले, त्या श्रोत्याला हा दृष्टांत उलगडून सांगावा लागत नाही. वहीतले जमा-खर्चाचे गणित आणि आत्म्याचे गणित येथे एकाच भाषेत मांडलेले असते.

याच नगर शहरात आणखी एक गोष्ट गेली जवळजवळ दोनशे वर्षे सांगितली जात आहे. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने येथे काम सुरू केले. तेव्हापासून येथील चर्चमधून मत्तयकृत शुभवर्तमानातील धन्याचा आणि त्याच्या तीन दासांचा दाखला वाचला जातो. परदेशी निघालेला धनी दासांकडे आपले द्रव्य सोपवतो. दोघे ते दुप्पट करतात, तिसरा भीतीपोटी ते जमिनीत पुरून ठेवतो. धनी परत येतो, हिशेब मागतो, पहिल्या दोघांना गौरवतो आणि तिसऱ्याला बाहेरच्या अंधारात टाकतो.

दोन प्रार्थनास्थळे, दोन ग्रंथ आणि दोन समाज. पण गोष्ट जणू एकच. नगरच्या एखाद्या जैन घरातील मुलगी मिशनच्या शाळेत शिकते आणि दिवाळीपूर्वी आजीबरोबर स्थानकात जाते, तेव्हा तिला दोन्ही गोष्टी कानावर पडण्याचा योग सहज येतो. ‘या दोन्ही गोष्टी सारख्या कशा?’ हा प्रश्न तिला पडला, तर ती नकळत एका मोठ्या विद्याशाखेच्या दारात उभी राहिलेली असते. त्या विद्याशाखेचे नाव तौलनिक साहित्याभ्यास.

साम्याकडून भेदाकडे

हा प्रश्न नवा नाही. जर्मन पंडित हर्मान याकोबी यांनी १८९५ मध्ये ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ या मालेच्या ४५व्या खंडात उत्तराध्ययन आणि सूत्रकृतांग यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी तीन व्यापाऱ्यांच्या दृष्टांताचे बायबलमधील दाखल्याशी असलेले साम्य नोंदवले. हा दृष्टांत भारतात जन्मला असणे अधिक संभवनीय, असे त्यांचे मत होते. त्यासाठी त्यांनी कारणे दिली. जैन रूपात दृष्टांताचा केवळ गाभा आहे, तर शुभवर्तमानात त्याची विस्तृत कथा झालेली दिसते. शिवाय, हा दृष्टांत लोकव्यवहारातून घेतला आहे, असे सूत्र स्वतःच सांगते. ‘संभवनीय’ हा याकोबींचा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ‘सिद्ध झाले’ असे ते म्हणत नाहीत.

चौथ्या शतकातील ख्रिस्ती इतिहासकार युसेबियस याने हिब्रू लिपीतील एका शुभवर्तमानाचा उल्लेख केला आहे. त्यातील कथेत एक दास द्रव्य वाढवतो, एक ते लपवून ठेवतो आणि एक उधळून टाकतो. म्हणजे वाढवणारा, राखणारा आणि गमावणारा, अशी नेमकी उत्तराध्ययनातील विभागणी तेथे सापडते. मग कथा कोणत्या मार्गाने गेली? व्यापारी तांड्यांबरोबर प्रवास करत गेली, की व्यापार जेथे आहे तेथे असा दृष्टांत आपोआप सुचतो? या प्रश्नाला हात घालायचा तर एकीकडे अर्धमागधी आणि दुसरीकडे ग्रीक वाचता यायला हवे. भाषांतरांच्या आधारावर येथे फार पुढे जाता येत नाही.

तथापि, कोणाची गोष्ट आधीची हे ठरवणे हे या अभ्यासाचे अंतिम उद्दिष्ट नव्हे. साम्य दिसल्यानंतर भेद पाहायचा असतो आणि खरा अर्थ पुष्कळदा भेदातच असतो. शुभवर्तमानात द्रव्य धन्याचे आहे. म्हणून तो हिशेब मागतो आणि ते नुसते जपून ठेवणाऱ्यालाही शिक्षा करतो. उत्तराध्ययनात धनीच नाही. मुद्दल ज्याचे त्याचे, व्यापार ज्याचा त्याचा, नफा-तोटाही ज्याचा त्याचा. हिशेब मागायला कोणी येत नाही, कारण कर्माचा हिशेब कोणाच्या मागण्यावर अवलंबून नसतो. शिवाय मुद्दल राखून परतलेल्या व्यापाऱ्याला येथे अंधारात ढकलले जात नाही. तो पुन्हा मनुष्यजन्म मिळवतो. ईश्वरकर्तृत्व मानणारा धर्म आणि न मानणारा धर्म यांच्यातील अंतर तत्त्वज्ञानाच्या जाड ग्रंथांतून समजायला वर्षे लागतात. दोन छोट्या गोष्टी शेजारी ठेवल्या की ते एका संध्याकाळी समजते. दोन्ही धर्मांचा मान राखून ते समजते, हे विशेष.

विषयाची जडणघडण

१८२७ मध्ये जर्मन महाकवी ग्यटे यांनी ‘विश्वसाहित्य’ ही कल्पना मांडली. भारतात रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९०७ मध्ये याच नावाने दिलेल्या व्याख्यानात साहित्याकडे अखंड मानवी निर्मिती म्हणून पाहण्याचा आग्रह धरला. १९५६ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसू यांच्या पुढाकाराने तौलनिक साहित्याचा देशातील पहिला स्वतंत्र विभाग सुरू झाला. मुंबई विद्यापीठात या विषयासाठी गुरुदेव टागोर अध्यासन निर्माण झाले आणि भालचंद्र नेमाडे यांनी ते भूषवले. लंडनच्या ‘सोआस’मध्येही अध्यापन केलेल्या नेमाडे यांच्यामुळे मराठी वाचकाला हा विषय अगदीच परका राहिला नाही.

जैन साहित्याला या विद्याशाखेत आरंभापासून मानाचे स्थान आहे. पंचतंत्रातील कथा पहलवी, सिरियाक आणि अरबी भाषांच्या वाटेने युरोपात कशा पोहोचल्या, हा तौलनिक अभ्यासातील आद्य विषयांपैकी एक. त्या पंचतंत्राचे ११९९ मधील एक महत्त्वाचे संस्करण पूर्णभद्र या जैन मुनींनी सिद्ध केले होते. लाइपत्सिगचे संशोधक योहानेस हेर्टेल यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. जैन साधूंनी कथा जपल्या, लोकभाषांत सांगितल्या आणि ग्रंथभांडारांत त्यांच्या प्रती राखल्या, म्हणून जगाच्या कथासाहित्याचा नकाशा काढणे शक्य झाले.

तिकडून इकडे आलेले विद्यार्थी

आज परदेशी शिकणारा विद्यार्थी म्हटले की येथून तिकडे जाणारा तरुण डोळ्यांसमोर येतो. जैन विद्येच्या इतिहासात मात्र प्रवाह बराच काळ उलटा होता. याकोबी १८७३-७४ च्या हिवाळ्यात भारतात आले, तेव्हा ते केवळ २३ वर्षांचे होते. बॉन विद्यापीठाची पदवी नुकतीच हाती आली होती. गेओर्ग ब्यूलर यांच्यासमवेत त्यांनी राजस्थानात प्रवास केला आणि जैसलमेरचे ग्रंथभांडार पाहिले. त्या प्रवासाने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. पुढे जैन समाजाने त्यांना ‘जैन दर्शन दिवाकर’ या पदवीने गौरवले.

मराठी वाचकाने याकोबींचे आणखी एक काम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. उत्तराध्ययनावरील देवेंद्र यांच्या टीकेतील निवडक कथा त्यांनी १८८६ मध्ये संपादित केल्या. त्या कथांची भाषा महाराष्ट्री प्राकृत. मराठीचे मूळ ज्या भाषेत शोधले जाते, त्या भाषेचे हे पाठ्यपुस्तक जर्मनीत, जर्मन विद्यार्थ्यांसाठी तयार झाले. १९०९ मध्ये त्या कथांचे इंग्रजी भाषांतरही लंडनहून निघाले.

हेर्टेल यांच्या शिष्या शार्लोटे क्राउझे यांची कहाणी याहून वेगळी आहे. १८९५ मध्ये जन्मलेल्या या विदुषी १९२५ मध्ये जैन साहित्याच्या अभ्यासासाठी भारतात आल्या. अभ्यास करता करता त्यांनी श्राविकेची व्रते स्वीकारली, सुभद्रादेवी हे नाव घेतले आणि त्या परत गेल्याच नाहीत. १९८० मध्ये ग्वाल्हेर येथे त्यांचा अंत झाला. ज्या काळात स्त्रीने एकटीने परगावी जाणेही दुर्मीळ होते, त्या काळात एक तरुणी एका ग्रंथपरंपरेच्या ओढीने समुद्र ओलांडून आली. घरातील मुलीला परदेशी पाठवावे की नाही, यावर आज चर्चा करणाऱ्या कुटुंबांनी हे उदाहरण आठवावे.

इकडून तिकडे गेलेला विद्यार्थी

महाराष्ट्रातून साहित्याच्या अभ्यासासाठी परदेशी जाण्याची परंपरा थोडी असली तरी भक्कम आहे. डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य हे तिचे ठळक उदाहरण. त्यांनी पॅरिसमध्ये आर्यदेवाच्या ‘चतुःशतक’ या बौद्ध ग्रंथावर प्रबंध लिहिला आणि तो १९२३ मध्ये तेथेच प्रसिद्ध झाला. या ग्रंथाचे मूळ संस्कृत रूप खंडित अवस्थेतच हाती आलेले होते, तिबेटी भाषांतर मात्र टिकून होते. एका भाषेत हरवलेले दुसऱ्या भाषेतून परत मिळवायचे, हे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. वैद्य स्वदेशी परतले आणि पॅरिसमध्ये कमावलेली पाठचिकित्सेची शिस्त त्यांनी येथील ग्रंथांसाठी वापरली. पुष्पदंताचे अपभ्रंश महापुराण त्यांनी संपादित केले, अर्धमागधी आगमग्रंथांच्या आवृत्त्या काढल्या आणि पुढे भांडारकर संस्थेच्या महाभारत चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादकपदही सांभाळले. धर्माने जैन नसलेल्या या विद्वानाने परदेशी बौद्ध ग्रंथ अभ्यासला आणि त्याचे फळ जैन साहित्याच्या पदरात पडले. परदेशी मिळालेले शिक्षण कोठे आणि कसे उपयोगी पडेल, हे प्रवेशअर्ज भरताना सांगता येत नाही, ते असे.

नगरची शिदोरी

नगर जिल्ह्यातून या विषयाकडे वळणारा विद्यार्थी रिकाम्या हाताने जात नाही. पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी हे आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराजांचे (१९००–१९९२) जन्मगाव. बहुभाषाविद असलेल्या आचार्यश्रींच्या प्रेरणेने पाथर्डीत सुरू झालेल्या तिलोकरत्न धार्मिक परीक्षा बोर्डाने गावोगावच्या मुलामुलींना, गृहिणींना आणि साधु-साध्वींना प्राकृत पाठांची गोडी लावली. ज्या घरात आजीने या परीक्षा दिल्या आहेत, त्या घरातील नातवाला अर्धमागधीचा नाद लहानपणापासून परिचित असतो. त्याच जिल्ह्यात नेवासे येथे इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. येथेच रेव्हरंड टिळकांनी मराठीत ख्रिस्ती भक्तिकाव्य रचले आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त नगरचे जीवन उतरले. जैन, वारकरी आणि ख्रिस्ती अशा तीन परंपरा एकमेकींच्या इतक्या जवळ नांदताना पाहिलेल्या विद्यार्थ्याला तुलनेची दृष्टी मुद्दाम शिकवावी लागत नाही.

नगरच्या फिरोदिया घराण्याचे कार्यही येथे आठवते. स्वातंत्र्यसेनानी आणि मुंबई विधानसभेचे अध्यक्ष कुंदनमल फिरोदिया यांचे पुत्र नवलमल फिरोदिया यांनी पुण्यात ‘सन्मति-तीर्थ’ उभे केले. त्यांच्या पाठबळाने भांडारकर संस्थेत डॉ. अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली प्राकृत भाषांच्या बृहद्कोशाचे काम सुरू झाले. रिक्षा आणि मोटारी बनवणाऱ्या घराने शब्दकोशासाठी धन द्यावे, यात उद्योग आणि विद्या यांचे जुने नाते दिसते. आता प्रश्न धनाइतकाच माणसांचा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना एकाच निर्णयाने अभिजात दर्जा दिला. दर्जा मिळाला, कोश होत आहेत, ग्रंथ छापलेले आहेत. ते मुळातून वाचणारे तरुण मात्र कमी आहेत.

घरातील प्रश्न

मुलाने परदेशी जाऊन संगणकशास्त्र किंवा व्यवस्थापन शिकायचे ठरवले तर घरात पेढे वाटले जातात. तोच मुलगा किंवा मुलगी ‘तौलनिक साहित्य’ म्हणाली की घर शांत होते. ‘शिकून पुढे काय?’ हा वडिलांचा प्रश्न कठोर वाटला तरी चुकीचा नाही. शैक्षणिक कर्जाला तारण लागते, ते फेडायचे असते आणि साहित्याच्या प्राध्यापकपदांची संख्या जगभर मर्यादित आहे. म्हणून या प्रश्नाला भावनेने नव्हे, माहितीने उत्तर द्यायला हवे.

पहिली गोष्ट खर्चाची. अमेरिकेतील अनेक प्रमुख विद्यापीठांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला शुल्कमाफी आणि निर्वाहवेतन मिळते. मोबदल्यात तो काही सत्रे पदवीवर्गाला शिकवतो. हा अभ्यास साधारणपणे पाच-सहा वर्षे चालतो. पदव्युत्तर पदवीसाठी मात्र तेथे बहुधा स्वतःचा पैसा लागतो. म्हणून भारतात एम.ए. करून थेट पीएच.डी.साठी अर्ज करणे व्यवहाराच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते. जर्मनीतील बहुतेक शासकीय विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रतिसत्र १५०० युरो भरावे लागतात. राहण्या-जेवण्याचा खर्च आणि त्याची आगाऊ तजवीज दाखवणे सर्वत्र आवश्यक असते. फुलब्राइट-नेहरू, राष्ट्रकुल आणि जर्मनीची ‘डाड’ या शिष्यवृत्त्यांची दारे साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही खुली आहेत.

दुसरी गोष्ट भाषांची. या विषयात इंग्रजी पुरत नाही. आणखी दोन-तीन भाषांतील मूळ ग्रंथ वाचता येणे अपेक्षित असते. नगरचा विद्यार्थी मराठी, हिंदी आणि अनेकदा घरातली मारवाडी घेऊन जातो. त्यात प्राकृताची भर पडली तर ते त्याचे खास भांडवल ठरते. त्याची तयारी घराजवळ होऊ शकते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संस्कृत-प्राकृत भाषांचा विभाग आणि शेठ हिराचंद नेमचंद जैन अध्यासन आहे. लंडनच्या ‘सोआस’मध्ये जैन अध्ययनाचे स्वतंत्र केंद्र आहे. तेथे प्राकृत वाचता येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याचे वेगळेपण लगेच लक्षात येते.

तिसरी गोष्ट आचाराची, आणि आईच्या मनातील पहिला प्रश्न तोच असतो. शाकाहारी जेवण आता बहुतेक विद्यापीठनगरांत मिळते. कंदमूळवर्जित जेवण हवे असेल तर स्वतः शिजवावे लागते. चौविहाराचे गणित मात्र खरोखर बदलते. स्कॉटलंडमध्ये जूनच्या महिन्यात सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरात दुपारी चारच्या आतच अंधारू लागते आणि तेव्हा वर्गही सुटलेला नसतो. पर्युषणाच्या सुमारास तेथील नवे शैक्षणिक वर्ष सुरू होत असते. संवत्सरीचा उपवास ओळखीपाळखी होण्याआधीच करावा लागतो. ‘तू आज जेवत का नाहीस?’ या सहाध्यायाच्या साध्या प्रश्नाला उत्तर देताना, घरी सवयीने पाळलेला आचार विद्यार्थी प्रथमच शब्दांत मांडतो. काहींचा आचार तेथे सैल होतो, हे खरे आहे. काहींचा समजून-उमजून दृढ होतो, हेही तितकेच खरे आहे.

उरतो उपजीविकेचा प्रश्न. अध्यापनाखेरीज भाषांतर, प्रकाशन, संपादन, ग्रंथालये, हस्तलिखित-संग्रहालये आणि भाषाविषयक तंत्रज्ञान ही क्षेत्रे या विद्यार्थ्यांसमोर असतात. अभियंत्याइतके वेतन आरंभी मिळेलच असे नाही, हे घरात स्पष्टपणे बोलले जावे. त्याचबरोबर समाजानेही आपली बाजू पाहावी. मंदिरे, स्थानके, रुग्णालये आणि वसतिगृहे यांसाठी उदार हस्ते देणारा समाज प्राकृत आणि तौलनिक साहित्य शिकणाऱ्या दोन-चार विद्यार्थ्यांचा भार सहज उचलू शकतो.

पाच दाणे

ज्ञाताधर्मकथा या अंगसूत्रातील सातव्या अध्ययनात धन्य सार्थवाहाची कथा आहे. राजगृहातील या व्यापाऱ्याने चारही सुनांना साळीचे पाच-पाच दाणे दिले आणि ‘मागेन तेव्हा परत द्या’ असे सांगितले. उज्झिकेने ते फेकले, भोगवतीने खाल्ले, रक्षिकेने डबीत जपून ठेवले. रोहिणीने ते आपल्या माहेरच्या माणसांकडे सोपवून वेगळ्या वाफ्यात पेरायला लावले. दरवर्षी आलेले पीक पुन्हा पेरले गेले. पाचव्या वर्षी सासऱ्याने दाणे मागितले, तेव्हा ते आणण्यासाठी रोहिणीला गाड्या मागवाव्या लागल्या. धन्याने रक्षिकेला खजिना सोपवला आणि रोहिणीला घराचा कारभार.

आगमात या पाच दाण्यांचा अर्थ पाच महाव्रते असा सांगितला आहे आणि तोच त्यांचा मूळ अर्थ. विद्येलाही मात्र हीच कथा लावून पाहता येते. नगर जिल्ह्यातील स्थानकांनी, परीक्षा बोर्डांनी आणि ग्रंथभांडारांनी रक्षिकेचे काम निष्ठेने केले. त्यांच्यामुळेच दाणे शिल्लक आहेत. रोहिणीचे दाणे दुसऱ्याच्या शेतात वाढले आणि पाच वर्षांनी सासरी परत आले. एखाद्या पीएच.डी.लाही साधारण तेवढाच काळ लागतो.